अकस्मात वियोग आणि परतून येणारा आनंद

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात भरविलेल्या विधवा-विधुर बंधुभगिनींच्या मेळाव्यात धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान. महोत्सव समितीच्या आग्रहावरून येथे छापण्यात येत आहे.)



मंदिराच्या आवारात पताका लागल्या आहेत, बँडवाल्यांचा सराव चालू आहे, आणि अशा समयी आम्ही तुम्हांस मृत्यूविषयी चार शब्द ऐकण्यासाठी बोलाविले, याचे पुष्कळांस नवल वाटले असेल. समितीतील एका वडीलधाऱ्या सभासदांनी तर आम्हांस स्पष्टच विचारले, "फादर, आनंदाच्या वर्षात ही रडकथा कशाला?" त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्यांस खासगीत दिले, तेच आता सर्वांसमक्ष देतो.

महोत्सवाच्या कार्यक्रमात ज्या दांपत्यांच्या विवाहास यंदा पंचवीस अथवा पन्नास वर्षे पूर्ण होतात त्यांचा सत्कार ठरला आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. त्यांची नावे नोंदविण्याचे काम चालू असता एक भगिनी कचेरीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान काही वर्षांपूर्वी सकाळी चहा घेऊन कामास गेले ते परत आलेच नाहीत; दुपारी निरोप तेवढा आला. त्या भगिनी म्हणाल्या, "फादर, आमची पंचवीस यंदाच झाली असती. त्या दिवशी आम्ही कोठे बसायचे?" आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. त्या अधिक काही न बोलता निघून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी जेवणावळीच्या स्वयंपाकासाठी भांडी मोजावयास सर्वांच्या आधी हजर झाल्या. या प्रश्नाने आमची झोप दोन रात्री उडविली. आजचे हे बोलणे त्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच ऐकावे.

मृत्यू सर्वांसच आहे. परंतु दीर्घ दुखण्यानंतर येणारा मृत्यू आणि अकस्मात कोसळणारा मृत्यू यांत मागे राहणाऱ्यांच्या दृष्टीने फार अंतर आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या पत्नीस निदान निरोप घेता येतो, क्षमा मागता येते, अंत्याभ्यंगाचा संस्कार होताना हात हाती धरता येतो. अकस्मात गेलेल्याची चप्पल दाराशी तशीच असते, आणि आदल्या रात्रीचे भांडणही अर्धेच राहिलेले असते. आम्हांस दारात, ओट्यावर, स्मशानभूमीच्या वाटेवर लोक जे सांगतात त्यात हे पुनःपुन्हा येते: "शेवटचा शब्द मी वाईट बोलले." दुःखापेक्षा हा काटाच अधिक काळ सलतो, असा आमचा अनुभव आहे.

आता आमचा एक दोष कबूल करतो. तरुणपणी, गुरुकुलातून नुकतेच बाहेर पडलो असता, अशा घरी जाऊन आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने म्हणत असू की, ही देवाची इच्छा, रडू नका. धर्मशास्त्राच्या वर्गात शिकलेले सर्व काही पाच मिनिटांत सांगून मोकळे होत असू. एका वृद्ध धर्मगुरूंनी ते ऐकले, आणि परतीच्या वाटेवर एवढेच विचारले की, बेथानीस लाजरसाच्या कबरेपाशी प्रभू काय करीत होता? प्रभू रडत होता. पुढच्याच घटकेस आपण लाजरसास उठविणार हे ज्यास ठाऊक होते, तोही मार्थेच्या व मरियेच्या रडण्यात सामील झाला. तेव्हापासून "रडू नका" हे शब्द आम्ही टाकून दिले. रूथच्या पुस्तकातील नामीही पाहावी. पती गेला, पाठोपाठ दोन्ही पुत्र गेले. बेथलेहेमास परतल्यावर तिने वेशीवरच्या बायकांस सांगितले की आता मला कडू या अर्थाच्या नावाने हाक मारा, देवाने माझी झोळी रिकामी केली. तिची ही तक्रार पवित्र शास्त्राने खोडली नाही, की तिला त्याबद्दल बोल लाविला नाही. त्याच पुस्तकाच्या शेवटी तिच्या मांडीवर सुनेचे बाळ आहे. तेवढ्याने पहिल्या अध्यायातील तीन कबरी नाहीशा होत नाहीत, हेही खरे.

परंतु आज आम्हांस विशेष सांगावयाचे आहे ते एका फ्रेंच विधवेविषयी. आपल्या वेदीवर हिची मूर्ती नाही व आपल्याकडे हिचे नाव फारसे कोणी ठेवीत नाही. तथापि अकस्मात वैधव्य आलेल्यांस हिच्याइतकी जवळची संत आम्हांस दुसरी आढळली नाही. हिचे नाव संत जेन फ्रान्सिस दे शांताल. 1572 साली फ्रान्सातील दिजाँ या नगरीत हिचा जन्म झाला. पिता बर्गंडी प्रांताच्या न्यायसभेत मोठ्या अधिकारावर. माता हिच्या तान्हेपणीच वारलेली. विसाव्या वर्षी शांतालचे सरदार ख्रिस्तोफ यांच्याशी विवाह झाला. संसार सुखाचा होता. सहा अपत्ये झाली, त्यांपैकी दोन बाल्यावस्थेतच गेली. 1601 साली धाकटी कन्या जन्मून थोडेच दिवस झाले होते. तोच सरदार एका आप्तासह शिकारीस गेले असता, त्या आप्ताची गोळी चुकून त्यांसच लागली. नऊ दिवस ते अंथरुणावर होते. त्या नऊ दिवसांत त्यांनी गोळी झाडणाऱ्यास मनापासून क्षमा केली, आणि पत्नीसही सूड घेऊ नये म्हणून बजाविले. इकडे ती मात्र देवाशी सौदा करीत होती: सारे ने, परंतु यांस ठेव. देवाने सौदा मानला नाही. एकोणतिसाव्या वर्षी, चार लेकरे पदरात घेऊन, ती विधवा झाली.

पती क्षमा करून गेला. परंतु तिला ती क्षमा करता येईना. जाणाऱ्याचे काम नऊ दिवसांत झाले, राहिलेलीस वर्षे लागली. यात आम्हांस काही नवल वाटत नाही. गोळी लागणाऱ्याने वेदना सोसली. पण रोज सकाळी रिकामी उशी पाहण्याचे तिच्याच वाट्यास आले होते.

पुढे सासऱ्यांनी धमकी दिली की, आमच्या घरी येऊन राहिली नाहीस तर नातवंडांस वारसा मिळणार नाही. ती मुलांसह मोंतलाँ येथे सासऱ्यांच्या वाड्यात गेली व सात वर्षांहून अधिक काळ तेथे राहिली. त्या घरात एका दासीचे राज्य होते. ती हिला घरच्या सुनेप्रमाणे वागवीत नसे, आणि सासरेही तिचीच बाजू घेत. जेनने त्या दासीच्या मुलांस आपल्या मुलांबरोबर बसवून शिकविले. हे वाचावयास सोपे आहे. एकत्र कुटुंबात राहिलेल्या आपल्या भगिनींस त्याची किंमत अधिक कळेल.

तिच्या दुःखात भर घालणारे आणखी एक माणूस होते, आणि हे सांगताना आम्हांस धर्मगुरू या नात्याने थोडी लाज वाटते. ज्या पाद्र्यांकडे ती प्रथम मार्गदर्शनासाठी गेली त्यांनी तिच्यावर प्रार्थनांचा, उपवासांचा व प्रायश्चित्तांचा भार लादला. आपणांस सोडून दुसऱ्या कोणापाशी अंतःकरण उघडणार नाही, अशी शपथही घेवविली. दुःखी माणसास बांधून ठेवणे फार सोपे असते. पुढे 1604 च्या उपवासकाळात जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस दे सेल्स दिजाँस प्रवचने देण्यासाठी आले. त्यांच्याशी परिचय झाल्यावर त्यांनी काही महिन्यांत तिला त्या शपथांतून मोकळे केले, आणि प्रार्थना जुलमाने न करता प्रेमाने करण्यास शिकविले. याविषयी तिच्या घरच्या नोकरांची एक आठवण चरित्रकार देतात. पूर्वीच्या पाद्र्यांच्या वेळी बाईसाहेब दिवसातून तीनदा प्रार्थना करीत व सारे घर त्रासून जात असे. आता त्या अष्टौप्रहर प्रार्थनेत असतात, आणि कोणास त्याचा उपद्रव होत नाही. आमच्या मते तिची जखम भरू लागल्याचे पहिले लक्षण हेच.

त्या आप्ताविषयी तिने बिशपांस लिहून विचारले होते की, तो समोर आलाच तर काय करावे. बिशपांनी उत्तर पाठविले की, मुद्दाम त्यास शोधावयास जाण्याची गरज नाही. परंतु भेट घडलीच तर अंतःकरण सौम्य व दयाळू ठेवावे. तसे करताना रक्त उसळेल, हेही त्यांनी तिच्यापासून लपविले नाही. पाहा, किती विवेकी उत्तर आहे! लगेच जा व मिठी मार, असे ते म्हणाले नाहीत. त्याचे तोंड पाहू नकोस, असेही म्हणाले नाहीत. भेट झाली. आणि कालांतराने त्या मनुष्याच्या अपत्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी जेन त्या बाळाची धर्ममाता म्हणून उभी राहिली. ज्या हाताने आपले कुंकू पुसले, म्हणून आपल्याकडे म्हणतात, त्याच हाताचे लेकरू तिने वेदीपाशी धरले.

1610 साली जून महिन्यात तिने आनसी या गावी भेटीच्या मरियेच्या भगिनींचा संघ सुरू केला. इतर मठांत ज्यांस प्रवेश मिळत नसे अशा विधवांस व प्रकृतीने अशक्त अशा स्त्रियांसही त्यात जागा होती. घर सोडताना तिचा किशोरवयीन पुत्र उंबरठ्यावर आडवा पडला, आणि ती रडत त्यास ओलांडून गेली. हा प्रसंग आम्हांस आजही सहज पचत नाही, हे कबूल करतो. पुत्राची व्यवस्था तिने आपल्या पित्याकडे लावून दिली होती, तरीही नाही. पुढचे तिचे आयुष्य दुःखरहित होते असे कोणी समजू नये. धाकटी मुलगी त्याच वर्षी वारली. 1617 साली थोरली मुलगी व तिचा पती दोघेही गेले. 1622 साली संत फ्रान्सिस वारले, 1627 साली पुत्र युद्धात पडला. मनात अनेक वर्षे अंधार असे, प्रार्थनेत देव जवळ वाटत नसे. असे असूनही 1641 साली ती निवर्तली तेव्हा त्या संघाची ऐंशीहून अधिक घरे उभी होती. 1767 साली ख्रिस्तसभेने तिला संतपद दिले. हल्ली 12 ऑगस्टला तिचा स्मरणदिन पाळतात.

ही सर्व थोरामोठ्यांची कथा झाली, आम्ही साध्या माणसांनी काय करावे, असे कोणी मनात म्हणत असेल. त्यांच्यासाठी आमच्याच घरातील गोष्ट सांगतो. ती आजवर आम्ही कोठे बोललो नाही.

1979 साली आम्ही नऊ वर्षांचे होतो. पावसाळा तोंडावर आला होता. शेजाऱ्यांच्या चिंचेची एक फांदी त्यांच्या कौलांवर झुकली होती. ती तोडण्यास आमचे वडील त्यांच्या बोलावण्यावरून चढले. फांदीचा दोर शेजाऱ्यांच्या हाती होता. तो सुटला. वडील खाली आले ते पुन्हा बोललेच नाहीत. आमची आई तेव्हा एकतीस वर्षांची होती. त्या दिवसापासून ती मंदिरात जाताना शेजाऱ्यांच्या दारावरून जाणे सोडून तळ्याच्या बाजूने वळसा घालून जाऊ लागली. आम्ही विचारले तर म्हणे, "इकडून सावली आहे, बाळा." त्या वाटेवर एकही झाड नव्हते.

आमची आई गाणारी होती. मांडवाखाली जी लग्नगीते म्हणतात त्यांतील कितीतरी तिला पाठ होती, आणि लोक तिला लांबून बोलावणे पाठवीत. वडील गेल्यावर बोलावणी थांबली. कोणी मनाई केली नाही. एवढेच की, विधवेने शुभकार्यात पुढे होऊ नये हे सर्वांनी धरून ठेविले होते, आणि तिनेही. लग्नघरी ती मागच्या दारी भाकऱ्या भाजीत असे. अशी अकरा वर्षे गेली. मग आमच्या आतेबहिणीच्या लग्नात गाणाऱ्या बायका एका गीतात मध्येच अडल्या. पुढची कडवी कोणास येईनात. तेव्हा आमच्या आजीने, म्हणजे ज्या माउलीचा पुत्र गेला होता तिनेच, मागच्या दारी जाऊन हाक मारली, "बाय, बाहेर ये, गाणे अडले आहे." आईने नाही म्हटले. आजी म्हणाली, "तो असता तर तुला ओढत आणला असता. चल." आई पिठाचे हात पुसत मांडवाच्या खांबापाशी येऊन उभी राहिली, आणि तिने ते गीत शेवटपर्यंत म्हटले. शेवटास ती हसली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

दुसऱ्या दिवशी बोलणारे बोललेच. आईनेही रात्री पुष्कळ अश्रू ढाळले. आम्ही त्या वेळी गुरुकुलातून सुटीवर आलो होतो. ती आम्हांस म्हणाली, "मला वाटे, मी हसले तर ते खरोखरच गेले असे होईल. मी रडते आहे तोवर कोठेतरी आहेत." एवढ्या एका वाक्यात तिने जे सांगितले ते आम्हांस कोणत्याही ग्रंथात सापडलेले नाही. आपल्यापैकी अनेक जण या भीतीनेच आनंदास दारातून परत पाठवितात, असे आम्हांस वाटते. शोक थांबला म्हणजे प्रीती थांबली, अशी त्यांची समजूत असते. परंतु आईने जे गीत म्हटले ते वडिलांच्या आवडीचे होते. पुढे आमच्या घरात त्यांचे नाव पूर्वीपेक्षा अधिक वेळा निघू लागले. त्यांच्या खोड्या, त्यांचा विसरभोळेपणा, सारे सांगून ती हसे. त्याआधी अकरा वर्षे ते नाव घेण्यास आम्ही मुले भीत होतो.

शेजाऱ्यांचे काय, असे विचाराल. त्यांच्या घरी ती कधी गेली नाही. आणखी काही वर्षांनी ते शेजारी वारले. त्या सकाळी आई उठली, डोक्यावर पदर घेतला, आणि तळ्याच्या वाटेस न वळता सरळ त्यांच्या दारी गेली. त्यांच्या पत्नीजवळ ती दफनविधी होईपर्यंत बसून होती. तिने क्षमा केली होती की नाही, आम्ही धर्मगुरू असूनही तिला कधी विचारले नाही. आता तीही प्रभूकडे गेली आहे.

आपल्या समाजाविषयी थोडे कठोर बोलावे लागत आहे. विधवेस अशुभ मानणे ही आपल्या हिंदू शेजाऱ्यांची चाल, आपण ख्रिस्ती लोक त्यातून सुटलो, असे आपण समजतो. परंतु गोमंतकातील ख्रिस्ती घराण्यांत पतीच्या शवपेटीवर चुडा फोडण्याची रीत होती, आणि आपल्या लग्नमांडवात काय घडते ते वर सांगितलेच. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे यांसारख्या विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांस तो कित्ता गिरविण्यास सांगितले. एका ग्रामपंचायतीने आमच्या पुढे पाऊल टाकावे, याचे आम्हांस कौतुक वाटते. खेद इतकाच की ते पाऊल आम्ही आधी टाकावयास हवे होते. ज्या ख्रिस्तसभेत मंदिरातील वृद्ध विधवा हन्ना हिने बाळ येशूस ओळखून सर्वांस त्याची वार्ता सांगितली, तेथे विधवेने मांडवाच्या मागच्या दारी बसावे, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

पुनर्विवाहाविषयीही आम्हांस विचारतात, बहुधा हळू आवाजात. ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे: मृत्यूने विवाहबंधन सुटते, आणि विधवेस व विधुरास प्रभूमध्ये पुन्हा विवाह करण्याची मोकळीक आहे, संत पौलानेच करिंथकरांस तसे लिहिले. विधुराने वर्षाच्या आत लग्न केले तर लोक म्हणतात, लेकरांस आई हवी. विधवेने पाच वर्षांनी केले तरी कुजबुज करतात. ही दोन मापे आम्हांस मान्य नाहीत. ज्यांस एकटे राहावयाचे आहे त्यांनी राहावे; ज्यांस घर पुन्हा मांडावयाचे आहे त्यांनी आमच्याकडे उजळ माथ्याने यावे.

विधुर बंधूंस एक स्वतंत्र गोष्ट सांगतो, कारण ते या मेळाव्यास थोडेच आले आहेत. पुरुष रडत नाहीत, म्हणून त्यांचे दुःख दारूच्या गुत्त्यात जाऊन बसते. घरातील पीठ-मीठ कोठे ठेविले आहे हे ज्यास ठाऊक नाही अशा मनुष्याची पत्नी एका रात्रीत गेली, तर त्याचे सांत्वन करण्याआधी त्यास जेवू घालणे व चूल पेटविण्यास शिकविणे, हे शेजाऱ्यांचे काम होय. जो रात्र-रात्र झोपत नाही, जगणे नको म्हणतो, त्यास वैद्याकडेही न्यावे. त्यात श्रद्धेची उणीव मुळीच नाही.

आणि आपण बाकीचे काय करतो? सातव्या दिवसाच्या मिस्सेस मंदिर भरते. महिन्याच्या मिस्सेस निम्मे लोक असतात. चौथ्या महिन्यात त्या घरी कोणी जात नाही, आणि दुःख खऱ्या अर्थाने चौथ्या महिन्यातच घरात पाय पसरून बसते. म्हणून मरियेच्या संघाच्या भगिनींस आम्ही विनंती केली आहे की, त्यांनी वहीत मृत्यूची तारीख लिहावी व चौथ्या महिन्यात, पहिल्या नाताळास आणि त्या जोडप्याच्या विवाहाच्या वाढदिवशी त्या घरी जावे. उपदेश करू नये. गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे व त्याची एखादी आठवण सांगावी. नाव ऐकून बाई रडली तर रडू द्यावे.

आता कचेरीच्या दाराशी उभ्या राहिलेल्या त्या भगिनींच्या प्रश्नाकडे येतो. समितीशी आम्ही बोललो आहोत, आणि ज्यांनी "रडकथा कशाला" म्हणून विचारले होते तेच सभासद याची व्यवस्था पाहणार आहेत. सत्काराच्या रविवारी ज्यांच्या विवाहास यंदा पंचवीस किंवा पन्नास वर्षे झाली असती, अशा विधवा व विधुर बंधुभगिनींच्या खुर्च्याही दांपत्यांच्याच रांगेत, पुढे मांडल्या जातील. त्यांच्या जोडीदाराचे नाव त्यांच्या नावाबरोबर वाचले जाईल, आणि गायकवृंदात ज्यांस गाता येते त्यांनी अवश्य गावे. नावे येत्या शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेपूर्वी कचेरीत द्यावी. लाजून राहू नये. वही आम्ही स्वतः घेऊन बसणार आहोत.